मेजावरची रणभूमी

दिवाळीची सुटी लागली की घराच्या अंगणात किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत किल्ला उभारण्याची मुलांची जी धांदल उडते, ती आपणांपैकी बहुतेकांनी अनुभवलेली असेल. विटांचे तुकडे आणि दगड एकावर एक रचायचे, त्यांवर जुने गोणपाट टाकायचे, चिखलाचा राबडा थापून त्याचे कडे आणि उतार करायचे, ओल्या मातीत मोहरी किंवा अळीव पेरायचे आणि चार दिवसांनी हिरवा कोंब दिसू लागला की माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवून पायथ्याशी मावळे उभे करायचे. नोकरीधंद्यानिमित्त इंदूरला, बडोद्याला किंवा कलकत्त्याला जाऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या मनातूनही हा चिखल सहसा धुऊन जात नाही. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकायला परका वाटेल. परंतु त्याचे मूळ या गोणपाटाच्या किल्ल्याहून फारसे दूर नाही. मेजावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी छोटी रणभूमी, म्हणजे तिच्यातील डोंगर, नद्या, रस्ते, झाडे आणि गावे, कशी घडवितात व रंगवितात, हा तो विषय होय.

युद्धाचा खेळ आपणांस नवा नाही. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चारही अंगे आहेत. राजा आहे, त्याचा मंत्री आहे. पण त्या पटावर एक गोष्ट नाही, ती म्हणजे जमीन. पटाची चौसष्ट घरे सारखीच सपाट असतात. घोड्याला चिखल लागत नाही, रथाचे चाक ओढ्यात रुतत नाही, आणि टेकडीच्या आड प्यादे लपत नाही. प्रत्यक्ष लढाईत तर सेनापतीचा निम्मा विचार जमिनीचाच असतो. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रदेशांत सुरू झाला. ब्रन्सविक येथील हेल्विग नावाच्या गृहस्थाने १७८० मध्ये पटाच्या घरांना निरनिराळे रंग देऊन कुठे डोंगर, कुठे पाणी, कुठे दलदल असे दाखविले. तरीही तो पटच राहिला.

खरी मेजावरची भूमी घडविली ती प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने. तो प्रथम वाळूत उंचसखल भाग करून त्यावर ठोकळे मांडीत असे. त्याची कीर्ती राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्या कानावर गेली. पण राजापुढे वाळूची पेटी न्यायची कशी? म्हणून त्याने खण असलेले एक मोठे मेज करविले आणि त्यावर मांडता येतील अशा प्लास्टरच्या रंगीत फरश्या घडविल्या. एखाद्या फरशीवर नदीचे वळण, एखादीवर टेकडीचा उतार, आणखी एखादीवर गाव. या फरश्या हव्या तशा जुळविल्या की नवी भूमी तयार. हे मेज १८१२ मध्ये राजाला सादर झाले. पुढे राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नियम सुधारून छापले; त्याने मात्र उठावाची भूमी सोडून १ : ८००० प्रमाणाचे कागदी नकाशे वापरले. सेनाप्रमुख म्युफ्लिंगने त्याची शिफारस केली आणि प्रशियाच्या सैन्यात हा खेळ शिक्षणाचे साधन झाला. सैनिकी शिक्षणात वाळूवर भूमी उभारून डावपेचांची चर्चा करण्याची पद्धत आज आपल्या भूदलातही आहे.

या म्युफ्लिंगचे आणखी एक नाते आपल्या विषयाशी आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत तो वेलिंग्टनच्या गोटात प्रशियन सैन्याचा संपर्क-अधिकारी होता. आणि त्याच वॉटर्लूची लहानशी भूमी घडविण्यात एका इंग्रज अधिकाऱ्याचे सारे आयुष्य खर्ची पडले. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

विल्यम सायबॉर्न हा इंग्रज सैन्यातील लेफ्टनंट. वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम १८३० मध्ये त्याच्याकडे आले. तो बेल्जियमला गेला आणि रणांगणाच्या मध्यभागी असलेल्या ला ए सांत या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून त्याने इंच न् इंच जमीन मोजली. परंतु जमीन तरी तीच कुठे राहिली होती? लढाईच्या स्मरणार्थ १८२६ पर्यंत तेथे सिंहाचा पुतळा असलेली सुमारे ४० मीटर उंचीची मातीची टेकडी उभारण्यात आली होती, आणि तिच्यासाठी लागलेली माती नेमकी त्याच कण्यावरून खणून नेली होती, ज्याच्या आडोशाने वेलिंग्टनचे सैन्य उभे होते. विजयाचे स्मारक उभे राहिले आणि ज्या जमिनीने विजय दिला ती सपाट झाली. तेव्हा सायबॉर्नला डोळ्यांपुढची भूमी सोडून पंधरा वर्षांपूर्वीची भूमी शोधावी लागली. त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली. सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती? समोर शत्रूची रचना कशी होती? आणि तुम्ही उभे होता त्या शेतात पीक कोणते होते? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जून महिन्यातील उंच वाढलेल्या राय धान्यात उभा असलेला शिपाई आणि नांगरलेल्या शेतात उभा असलेला शिपाई यांना दिसणारी लढाई एक नसते.

सरकारने १८३३ मध्ये पैसा देण्याचे नाकारले. सायबॉर्नने कर्ज काढून काम पुरे केले. एका मैलास नऊ फूट या प्रमाणाची, सत्तर हजारांहून अधिक छोटे धातूचे सैनिक असलेली ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनला लोकांसमोर आली आणि सुमारे एक लाख माणसांनी ती पाहिली. पण सायबॉर्नच्या हाती पैसा लागला नाही, आणि एक वाद मात्र कायमचा चिकटला. सायंकाळी सात वाजता पूर्वेकडून आलेले प्रशियन सैन्य त्याने जितके पुढे आणि जितके मोठे दाखविले होते, ते वेलिंग्टनच्या अहवालाशी जुळत नव्हते. म्हणजे विजयात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न त्या इवल्या धातूच्या बाहुल्यांवर येऊन ठेपला. शेवटी सायबॉर्नने आपली चूक झाल्याचे लिहून त्यांतील बऱ्याच तुकड्या काढून टाकल्या. ती खरोखरीची चूक होती की वरून आलेल्या दडपणाचा परिणाम, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तो १८४९ मध्ये वारला. ती प्रतिकृती पुढे लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आली. त्याला आलेल्या उत्तरांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि वॉटर्लूच्या अभ्यासकाला आजही त्यांच्यावाचून चालत नाही. खेळण्यातल्या भूमीसाठी विचारलेल्या प्रश्नांतून इतिहासाचे एक मोठे साधन निर्माण झाले.

युद्धखेळ सैनिकी कचेरीतून घरात आला तो एच. जी. वेल्स या कादंबरीकारामुळे. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याने जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढण्याचे नियम दिले. त्याची भूमी म्हणजे लाकडी ठोकळ्यांची आणि पुठ्ठ्याची घरे व बागेतून तोडून आणलेल्या डहाळ्यांचे अरण्य. महायुद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असे त्याने त्या पुस्तकात कळवळून लिहिले. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुढे १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन या स्वतः रणगाडा दलात काम केलेल्या लेखकाचे युद्धखेळांवरील पुस्तक आले आणि हा छंद इंग्लंडात व अमेरिकेत फोफावला.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. उदाहरणादाखल मी आपल्याच मुलखातील एक रणांगण घेतो. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या परिसरात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी येथे आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून गाजला. त्याच्यापाशी सारे मिळून सात हजारांच्या आसपास माणसे होती. समोर शंभराच्या घरात तोफा, हॅनोव्हरच्या पोलमानने शिकविलेली कवायती पलटणे आणि हजारोंचे घोडदळ. मराठी फौज केळणा नदीच्या उत्तर तीरावर, नदी समोर ठेवून उभी होती. तिच्या पाठीशी जुई नदी. या दोन नद्यांच्या बेचक्यात सारी लढाई झाली.

वाटाडे म्हणाले की जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. दोन गावे अशी तोंडाला तोंड लावून बसली आहेत, तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. त्या उताराने तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर आला. पोलमानने आपली पलटणे झटकन फिरवून पूर्वेकडे तोंड केले. आता त्यांची उजवी बाजू केळणेवर आणि डावी असई गावावर टेकली. मराठी गोलंदाजांनी इतका कडवा मारा केला की वेलस्लीची सोळाशेच्या आसपास माणसे पडली किंवा जखमी झाली. असई गावाच्या फार जवळ गेलेल्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची तर दाणादाण उडाली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण तिची किंमत वेलिंग्टन जन्मभर विसरला नाही.

ही भूमी मेजावर आणायची, तर पहिला प्रश्न प्रमाणाचा. सहा फूट लांब व चार फूट रुंद असे मेज घ्या. एका मैलास तीन फूट धरले, तर दोन्ही नद्या आणि मधली जमीन त्यात नीट बसते. हे प्रमाण १ : १७६० असे होते. या हिशेबाने सहा फुटी माणूस एक मिलिमीटर उंचीचा व्हावा! असा सैनिक डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणून खेळणारे १५ मिलिमीटर किंवा २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक वापरतात. म्हणजे १५ मिलिमीटरचा सैनिकसुद्धा जमिनीच्या मानाने जवळजवळ पंधरापट मोठा असतो. मग घरे सैनिकाच्या मापाची करावी लागतात आणि तीन-चार घरांनी मिळून सारे असई गाव सुचवावे लागते. मेजावरच्या भूमीत अशी दोन मापे एकाच वेळी नांदत असतात: अंतराचे माप नकाशाचे, आणि उंचीचे माप माणसाचे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. असईची माझी पहिली भूमी मी मोठ्या काटेकोरपणे केली होती. नदीचे काठ नकाशाच्या प्रमाणात, म्हणजे एक-दोन मिलिमीटर उंच ठेवले होते. माझा भाचा सैनिक हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, पण हा एवढ्या लांबून वळसा घालून का जातो? इथूनच उतरावं की सरळ!” मी निरुत्तर झालो. केळणेचे काठ उंच व खडकाळ होते आणि गावांजवळच्या ठरावीक जागा सोडल्या तर तोफा उतरविणे अशक्य होते, असे वेलस्लीने स्वतः लिहून ठेवले आहे. साऱ्या लढाईची किल्ली त्या काठांत होती, आणि माझ्या बिनचूक भूमीत ते काठ नव्हतेच. माप बरोबर होते, अर्थ चुकला होता. मी ती भूमी मोडली. दुसऱ्या वेळी काठ सैनिकाच्या डोक्याइतके उंच केले आणि उताराची तेवढी एक जागा सोडली. मग कोणाला काही सांगावे लागले नाही.

नदी खोल दाखवायची, तर ती वर ठेवून चालत नाही. जमिनीत कोरावी लागते. त्यासाठी तळाशी दोन इंच जाडीचा थर्मोकोल घ्यावा. पांढऱ्या दाणेदार थर्मोकोलापेक्षा घट्ट, दाबून केलेला प्रकार मिळाला तर अधिक बरा, कारण त्याचे दाणे सुटत नाहीत. तो धारदार सुरीने किंवा तापलेल्या तारेने कापतात. तारेने कापताना निघणारा धूर विषारी असतो, म्हणून हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा अंगणात करावे. आणखी एक सावधगिरी अशी की उग्र वासाच्या द्रावकांचे डिंक आणि फवाऱ्याचे रंग थर्मोकोलाला खाऊन टाकतात. फेव्हिकॉलसारखा पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक आणि पाण्याचे रंगच येथे चालतात. तळाला पातळ फळी लावली असेल, तर ती दोन्ही बाजूंनी रंगवावी. एकाच बाजूला ओला डिंक लागला की वाळताना ती पापडासारखी वाकते.

चढउतारांची गोष्ट अशी की खरा उतार केला तर सैनिक घसरून पडतात, आणि पायऱ्या केल्या तर ते डोंगर न दिसता घाटाच्या पायऱ्या दिसतात. म्हणून माथा सपाट ठेवून कडेचा उतारच तिरपा कापतात. त्यावर कागदाचा लगदा किंवा प्लास्टरमध्ये बुडविलेले कापड पसरले की सांधे झाकले जातात. गोणपाटावर चिखल थापणारी मुले दुसरे काय करतात?

पुढे रंगकाम, आणि येथे हाताइतकाच डोळ्याचा कस लागतो. प्रथम डिंक पसरून त्यावर चाळलेली वाळू टाकावी, ती वाळू द्यावी आणि सगळ्यावर गडद तपकिरी रंग मारावा. मराठवाड्याची जमीन काळी म्हणून काळा रंग फासू नये. मोठ्या वस्तूचा रंग लहान वस्तूवर जसाच्या तसा दिला, तर तो अधिक गडद भासतो. शिवाय काळी माती वाळली की तिच्यावर राखट छटा येते. म्हणून काळ्यात तपकिरी आणि थोडा राखाडी मिसळावा. नंतर रुंद कुंचला जरा फिक्या रंगात बुडवून कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि जमिनीवरून हलकेच फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे गडद राहतात. याच्या उलट, भिंती व खडक यांवर अगदी पातळ केलेला गडद रंग सोडला, तर तो आपण होऊन फटींत जाऊन बसतो. या दोन युक्त्यांचे कारण एकच. खऱ्या भिंतीच्या भेगेत सूर्यप्रकाश आपली सावली पाडतो. बोटभर भिंतीच्या भेगेत खोलीतला दिवा पुरेशी सावली पाडू शकत नाही. म्हणून रंगविणाऱ्याला ऊन आणि सावली दोन्ही कुंचल्याने द्यावी लागतात.

गवतासाठी पूर्वी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून डिंकावर पसरीत. आता नायलॉनचे आखूड तंतू मिळतात. विजेच्या भाराने ते सरळ उभे राहतात आणि खऱ्या गवतासारखे दिसतात. झाडांची खोडे तारेला पीळ देऊन करावीत, आणि पानोऱ्यासाठी रंगविलेला स्पंज किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरावी. लढाई सप्टेंबरातील, पाऊस सरत आलेला. म्हणून माळ हिरवा हवा आणि नदीचे पाणी निळे नव्हे, तर गढूळ हवे. पाण्याचा तळ मध्यभागी गडद आणि काठाशी फिका रंगवून त्यावर चकचकीत वार्निशाचे तीन-चार पातळ हात द्यावेत. एका हातात जाड थर दिला तर तो आतून लवकर वाळत नाही. घरे मातीची, धाब्याची. तिकडे इंग्लंडहून आलेली उतरत्या कौलांची तयार घरे येथे ठेवली, तर इतर सर्व मेहनत फुकट जाते.

श्रोतेहो, एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. शेवटी लढाई ही हजारो माणसांच्या मरणाची गोष्ट; तिचा खेळ करणे योग्य आहे काय? हा प्रश्न मलाही पडतो, आणि तो पडत राहावा असेच मला वाटते. मेजावरच्या भूमीवर रक्त सांडत नाही, तहान लागत नाही, जखमी माणूस रात्रभर कण्हत नाही. तिच्यावर वाकून पाहणाऱ्याला सर्व काही वरून दिसते. प्रत्यक्ष रणांगणावर तसे कोणालाच दिसले नव्हते. भूमी जितकी सुबक, तितका हा भ्रम मोठा, हे घडविणाऱ्याने विसरता कामा नये.

परंतु प्रामाणिकपणे केलेली भूमी एक गोष्ट निश्चित शिकविते. सायबॉर्नला शेतातील पीक विचारावे लागले, मला नदीचा काठ विचारावा लागला. असे प्रश्न विचारू लागले म्हणजे इतिहास नुसता नावांचा आणि सनावळींचा राहत नाही. त्याच्या पायांना माती लागते. असईला आपल्या बाजूने लढलेल्या गोलंदाजांची नावे आपणांस बहुतेक ठाऊक नाहीत. पण त्यांच्या तोफा कोणत्या उंचवट्यावर होत्या, समोर किती जमीन होती, मागे कोणती नदी होती, एवढे तरी मेजावर खरे मांडता आले, तर त्यांचे अर्धे ऋण फेडल्यासारखे होईल. येत्या दिवाळीत मुले अंगणात किल्ला करू लागली, तर त्यांना एवढेच विचारावे: बाळांनो, या गडाला पाणी कुठून येते, आणि वर चढायची वाट कुठली? उत्तर शोधण्यासाठी ती नकाशा उघडतील. कदाचित एखाद्या रविवारी गडच चढून येतील.